पीपीटी सेव्ह करायची, पण कुठल्या प्रकारात आणि कुठे?

स्लाइड तयार झाल्या, कंट्रोल धरून एस दाबला, की चौकट उघडते. ती तीन गोष्टी विचारते: नाव काय, जागा कोणती, प्रकार कोणता. नवशिका माणूस नाव टाकतो, बाकीचं जसं आहे तसं राहू देतो आणि एंटर मारतो. फाइल सेव्ह होते, त्यात काही चुकलं नाही. पण उद्या ती उघडायची आहे शाळेच्या हॉलमधल्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप तुमचा नाही. म्हणून आधी स्वतःला विचारा: ही फाइल कोण उघडणार आणि कशावर? प्रकार आणि जागा त्यावरून ठरतात.

बोलताना आपण सगळ्यालाच पीपीटी म्हणतो. खरं तर पीपीटी हा जुना प्रकार, ऑफिस २००३ पर्यंतचा. ऑफिस २००७ पासून पॉवरपॉइंट आपण होऊन पीपीटीएक्समध्ये सेव्ह करतो. पीपीटीएक्स म्हणजे आतून झिप केलेलं गाठोडं. फाइलची एक प्रत काढा, शेवटचं पीपीटीएक्स खोडून झिप लिहा आणि उघडा. मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये तुमचे फोटो सुटे पडलेले दिसतील. सेव्हच्या चौकटीत प्रकारांच्या यादीत ‘९७-२००३’ असा पर्याय दिसतो, पण समोरच्याकडे खरोखर तितकं जुनं पॉवरपॉइंट असेल तरच तो घ्या. त्यात स्मार्टआर्टच्या, म्हणजे पॉवरपॉइंटमधल्या तयार साच्यांच्या, आकृत्या चित्रासारख्या गोठतात आणि पुन्हा दुरुस्त करता येत नाहीत.

खरी निवड आहे ती पीपीटीएक्स आणि पीडीएफ यांच्यात, आणि मराठीत काम करणाऱ्याला ती इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त जपून करावी लागते. कारण फॉन्ट. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ असं टाइप केलं, तर कॉम्प्युटरच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा घालतो. हॉलमधल्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर अंगरखा उतरतो आणि पडद्यावर नुसती इंग्रजी भेळ दिसते. मंगल किंवा निर्मला यूआय यांसारखे युनिकोड फॉन्ट, म्हणजे ज्यांत देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठतं असे, वापरलेत तर भेळ होत नाही. तरी एका फॉन्टच्या जागी दुसरा आला की ओळी वेगळ्या तुटतात, शीर्षक एकाऐवजी दोन ओळींत जातं आणि खालचा मजकूर स्लाइडच्या बाहेर लोंबतो.

पीडीएफमध्ये वापरलेल्या फॉन्टची अक्षरं सहसा फाइलसोबतच जातात, त्यामुळे पान जसं तुम्ही मांडलं तसंच समोर येतं. किंमत काय? अ‍ॅनिमेशन जातं, आवाज आणि व्हिडिओ जातात. एकेक मुद्दा क्लिकवर यावा म्हणून तुम्ही तासभर खपला असाल, तर पीडीएफमध्ये सगळे मुद्दे एकदम हजर. शिवाय सकाळी नऊ वाजता पाहुण्यांच्या नावातली चूक दिसली तर पीडीएफमध्ये ती सुधारणं म्हणजे डोक्याला ताप.

मधला मार्ग आहे. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग सेव्ह असं गेलात की तळाशी फॉन्ट फाइलमध्येच घालण्याची खूण दिसते. ती केली की पीपीटीएक्ससोबत फॉन्टही जातो. फाइल थोडी फुगते, आणि फॉन्ट बनवणाऱ्याने परवानगी ठेवली नसेल तर हा उपाय चालत नाही. माझ्या मते दुसऱ्याच्या मशीनवर बोलायचं असेल तर दोन्ही न्या: पीपीटीएक्स दाखवायला आणि पीडीएफ अडचणीला. नुसतं वाचायला किंवा छापायला द्यायचं असेल तर पीडीएफ पुरे.

पीपीटीएक्सचा पीपीएसएक्स नावाचा एक भाऊ आहे. डबल क्लिक केलं की थेट पूर्ण पडद्यावर सुरू. लिब्रेऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मूळ फाइल ओडीपी या त्याच्या स्वतःच्या प्रकारात ठेवावी आणि पॉवरपॉइंटवाल्याला पाठवताना पीपीटीएक्स करून, एकदा तपासून पाठवावी.

आता जागा. स्वतःच्या डिस्कवर ठेवलं तर नेट लागत नाही, पण मध्ये वीज गेली तर? पॉवरपॉइंट ठरावीक वेळाने, आपण बदललं नसेल तर दर दहा मिनिटांनी, बचावाची प्रत काढत असतो. ती सेव्ह नव्हे; परत मिळाली तर नशीब. वर कोपऱ्यात दिसणारं ‘ऑटोसेव्ह’ चालतं ते फाइल वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागी असेल तेव्हा. गूगल स्लाइड्समध्ये तर सेव्हचं बटणच नाही, लिहिलं की जपलं, आणि परवाची प्रतही परत काढता येते. गूगलच्या खात्यात फुकट जागा १५ जीबी, वनड्राइव्हवर ५ जीबी. पण हॉलमध्ये रेंज नसेल तर दोन्ही असून नसल्यासारखे. आणि सायबर कॅफेत किंवा परक्या लॅपटॉपवर खातं उघडलंत, तर बाहेर पडताना लॉगआउट करायला विसरू नका.

पेनड्राइव्ह हा टेम्पो आहे, गोदाम नव्हे. त्याच्यावरच फाइल उघडून काम करू नका. आधी डेस्कटॉपवर उतरवा, काम करा, मग परत चढवा आणि ‘इजेक्ट’ करून काढा. पेनड्राइव्हवरून खोडलेली फाइल रीसायकल बिनमध्ये सापडत नाही, हे बहुतेकांना एकदा रडूनच कळतं. मी दुसऱ्याच गोष्टीने रडलोय: व्हिडिओ स्लाइडला नुसता जोडलेला होता, फाइलमध्ये घातलेला नव्हता. सादरीकरण आलं पेनड्राइव्हवरून, व्हिडिओ राहिला घरी डी ड्राइव्हवर, आणि साठ माणसांसमोर काळा चौकोन.

मेलमधून थेट उघडलेल्या फाइलवर कधी काम करू नका. ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते, सेव्ह करूनही नंतर कुठे गेली ते सापडत नाही. आधी एफ१२ दाबा, आपल्या फोल्डरमध्ये नवं नाव द्या. आणि नावात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ असली वंशावळ वाढवण्यापेक्षा तारीख घाला.

एवढं झालं की आदल्या संध्याकाळी पीडीएफ घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवा आणि तिथे उघडून बघा. मोबाइलमध्ये कृतिदेव नसतो. तिथे मराठी नीट दिसलं, तर हॉलमधल्या लॅपटॉपवर निदान पीडीएफमधल्या अक्षरांची काळजी नको. मग फक्त चार्जर घ्यायला विसरू नका.