डिशवॉशर आठ महिन्यांनी: यंत्र चांगलं, माहितीपुस्तिका अर्धवट

डिशवॉशर घेऊन आठ महिने झाले. भांडी निघतात का? निघतात. तेलकट कढई, दुधाचं पातेलं, डब्यांची झाकणं, सगळं लख्ख. करपलेलं पिठलं मात्र आधी भिजवावं लागतं. रोज रात्री एकदा लावते, यंत्राबद्दल तक्रार नाही. पहिले तीन महिने मात्र फार मनस्तापाचे गेले, आणि त्याला कारण होती सोबत आलेली पुस्तिका.

आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. दुसऱ्याच आठवड्यापासून काचेच्या पेल्यांवर पांढुरका थर दिसू लागला. स्टीलच्या ताटावर बोट फिरवलं की खडूसारखं काहीतरी लागायचं. डिटर्जंट बदललं, रिन्स एड (शेवटच्या धुण्यात पाणी नीट निथळावं म्हणून घालायचं द्रव) वाढवलं. सर्व्हिसला आलेल्या मुलाने टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) पाण्यात बुडवला, आकडा बघितला आणि महागातल्या टॅब्लेट वापरा म्हणाला.

खरी गोष्ट अशी, की यंत्राच्या तळाशी पाणी मृदू करणारं रेझिन, म्हणजे बारीक मणी, असतं. ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतं. यंत्राच्या वेगळ्या कप्प्यात आपण टाकतो ते मीठ भांड्यांसाठी नसतंच, ते हे रेझिन धुऊन पुन्हा कामाला लावण्यासाठी असतं. किती वेळा धुवायचं, हे पाण्याच्या जडपणाची (त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, त्याची) जी पातळी आपण यंत्रावर निवडतो तिच्यावर ठरतं. पातळी कमी ठेवली की रेझिन भरून जातं आणि जड पाणी तसंच भांड्यांवर येतं.

पुस्तिकेत यातलं काहीही नाही. आहे ते एक वाक्य, ‘आपल्या भागातील पाण्यानुसार पातळी निवडा’, आणि खाली सहा ओळींचा तक्ता. तक्ता जर्मन अंशांत, म्हणजे जडपणा मोजायच्या जर्मन एककात! इथे बाजारात मिळणाऱ्या चाचणीपट्ट्या पीपीएममध्ये, म्हणजे पाण्यापुरतं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच, असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही जडपणाची मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच आहे: 200, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600. एक जर्मन अंश म्हणजे साधारण 17.8 पीपीएम, एवढी एक ओळ छापली असती तर माझे तीन महिने वाचले असते. माझी पट्टी तिच्यावरच्या शेवटच्या, 425 च्या रंगाला जुळली. भागाकार केला तर जवळपास 24 अंश, म्हणजे पाचवी पातळी. यंत्र कारखान्यातूनच तिसरीवर आलं होतं आणि मी तसंच चालवत होते.

आणि टीडीएसवरून जडपणा कळत नाही. त्यात सोडियमसकट सगळेच विरघळलेले क्षार मोजले जातात.

याच पुस्तिकेत एक सूचना मात्र अगदी हवी तशी लिहिली आहे. मीठ भरताना बाहेर सांडलं तर लगेच एक फेरी चालवा, नाहीतर मिठाच्या पाण्याने स्टीलचा तळ गंजतो. कारण दिलंय म्हणून ती सूचना मी आजवर एकदाही विसरले नाही. उलट ‘साधे मीठ वापरू नका’ एवढंच लिहून सोडून दिलंय. सासूबाईंनी विचारलं, “अगं, मीठ ते मीठ. घरातलं टाकलं तर काय बिघडतं?” मला उत्तर देता येईना. खाण्याच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यांनी आणि बारीक दाण्यांनी सगळं चोंदतं, हे मला नंतर शोधून काढावं लागलं. एवढा पैसा मोजणाऱ्या माणसाला हे छापील मिळायला नको?

पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. चित्रांत पसरट प्लेटा आणि उंच ग्लास. वाटी कुठे अडकवायची, कुकरचं भांडं कसं पालथं घालायचं, ते आम्हीच करून बघून ठरवलं. वाटी सपाट ठेवली की बुडात पाणी साचतं, तिरकी लावा.

पातळी बदलल्यावर चार-पाच दिवसांत नवा थर बसायचा थांबला. जुना थर व्हिनेगरमध्ये भिजवून निघाला. दोन पेले मात्र कायमचे धुरकट राहिले. आता ओट्याखालच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: पाचवी पातळी, मीठ कधी भरायचं, जाळी कशी काढून धुवायची. मी गावाला गेले तरी सासूबाई तो वाचून यंत्र लावतात.

तुमच्याकडेही बोअरचं पाणी असेल, तर विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून पुस्तिका उतरवून घ्या आणि जडपणाचं पान उघडून बघा. तक्ता कोणत्या एककात आहे, आणि तो जडपणा घरी कसा मोजायचा हे लिहिलंय का, ते आधी तपासा.