जुन्या टीटीचं सस्पेन्शन नव्याने: चतुर्थी ते शिगमा, गोव्याच्या रस्त्यांवरचा अनुभव

गाडी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची म्हणजे ८जे, २०१० चं मॉडेल. दोन लिटर टर्बो पेट्रोल, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), १८ इंची चाकं. माझ्याकडे आली तेव्हा ओडोमीटर लाखाच्या जवळ पोचला होता आणि सस्पेन्शनमधलं एकही रबर कधी बदलल्याची नोंद कागदपत्रांत नव्हती. चतुर्थीच्या आधी काम करून घेतलं, आता शिगमा तोंडावर आलाय. मधल्या काळात पाऊस झाला, चोर्ला घाट झाला, पर्वरीच्या उड्डाणपुलाखालचे वळसे झाले, फेरीबोटीही झाल्या. काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात कुठलीही गाडी छानच वाटते, म्हणून मुद्दाम थांबून आता लिहितोय.

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) आणि माउंटिंगवर घातलेला पैसा पुरेपूर वसूल झाला. बिलस्टीनचे शॉकअप उत्तम आहेत, पण फरकाच्या हिशेबात त्यांचा नंबर दुसरा. आणि गोव्यात राहून टीटी आणखी खाली बसवायची असेल तर तुमच्या रोजच्या वाटेवर फेरी नाही ना, ते आधी बघा.

त्रास काय होता? डिचोलीहून पणजीला जाताना छोट्या खड्ड्यात पुढून एकच कोरडा 'ठक्' आवाज यायचा. महामार्गावर वेग धरला की गाडी सरळ ठेवायला स्टीअरिंग सारखं सावरावं लागायचं. जोरात ब्रेक मारला की नाक किंचित डावीकडे ओढलं जायचं. अटल सेतूवरच्या जोडांवरून गेलं की मागचा भाग एकदा उसळून गप्प बसायचा नाही, पुन्हा डुलायचा. पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेले. या सगळ्याला गॅरेजात एकच औषध सांगतात, 'शॉकअप टाका'. डुलणं शॉकअपचंच होतं, पण बाकीच्या तक्रारींचा शॉकअपशी फारसा संबंध नव्हता.

म्हापशाच्या माझ्या मेस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या हाताच्या) मागच्या बुशात पहार अडकवून हलवली आणि म्हणाला, "पात्रांव, हे बघा, चाक आपल्या मर्जीने मागे-पुढे चाललंय." रबर वाळलेल्या सोलांसारखं काळं, आकसलेलं आणि मधोमध चिरलेलं. टीटीच्या पुढच्या लोअर आर्मला दोन बुश असतात. पुढचा बुश मुख्यतः वळणावरचा आडवा जोर घेतो. मागचा मोठा बुश ब्रेक मारल्यावर चाकाला मागे सरकू देत नाही. तो फाटला की ब्रेकच्या क्षणी चाक मागे जातं, टो (चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो आणि दोन्ही बाजू सारख्या फाटलेल्या नसल्या तर गाडी एका अंगाला ओढते. सरळ जाताना सावरावं लागणं आणि टायर आतून खाणं, दोन्ही याच कुळातले दोष. अलाइनमेंट कितीही अचूक करा, चालत्या गाडीत ते आकडे टिकत नाहीत.

'ठक्' आवाजाचं मूळ मात्र वर होतं. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप मिळून पुढचा जो खांब होतो त्याच्या) डोक्यावरचं रबरी माउंटिंग दबून गेलं होतं आणि लिंक रॉडच्या (अँटी-रोल बारला जोडणाऱ्या दांडीच्या) बॉलमध्ये खेळ होता. दोन्ही स्वस्त भाग. कुणाला एवढाच आवाज येत असेल तर आधी हेच बघा आणि मग मोठ्या खर्चाचा विचार करा.

आपल्याकडे एक गोष्ट फायद्याची आहे. ही टीटी फोक्सवॅगनच्या पीक्यू३५ प्लॅटफॉर्मवर बनलेली आहे, म्हणजे खालच्या अंगाने ती स्कोडा लॉरा आणि जुन्या जेट्टाची बहीण. स्ट्रट माउंटिंग, त्याचं बेअरिंग, मागच्या अंगाचे कित्येक बुश यांचं नातं या गाड्यांशी लागतं आणि लॉरा आपल्या रस्त्यांवर अजून भरपूर फिरतात. त्यामुळे सुटे भाग मिळतात. पार्ट नंबर पडताळूनच घ्यावे लागतात, कारण टीटीचा लोअर आर्म अॅल्युमिनियमचा आहे आणि तिच्या मागच्या बुशाचं रबर जास्त भरीव आहे. परदेशात तर पाचव्या पिढीची गोल्फ हौसेने पळवणारे टीटीचा हा बुश आपल्या गाडीत घालतात. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'दोन्ही सारखेच' म्हणून साध्या गाडीचे बुश पाठवले होते. ते परत करण्यात बराच वेळ गेला.

पॉलियुरेथेनचे बुश घाला, असा सल्ला ओळखीच्या प्रत्येकाने दिला. मी घातले नाहीत. पॉली कडक असतो, चाक जागेवर घट्ट धरतो, ट्रॅकवर पळवायच्या गाडीला शोभतो. पण त्यात स्लीव्ह फिरते, तिला ग्रीस लागतं, आणि आपल्या पावसात लाल मातीचं पाणी आत गेलं की तो कुरकुरायला लागतो. शिवाय रस्त्याची प्रत्येक कुरबुर थेट केबिनमध्ये. रोज वापरायच्या गाडीला लेमफोर्डरसारख्या चांगल्या कंपनीचं नवं रबर पुरेसं आहे, असं माझं मत होतं आणि आता ते आणखी पक्कं झालंय.

सगळ्यात जास्त वेळ जुने बोल्ट काढण्यात गेला. गोव्यात हे गृहीतच धरा. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात टीटीचा पुढचा भाग अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि खारट ओल मिळाली की अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरतं. मागच्या आर्मचे कॅम्बरचे (चाकाचा उभा कल जुळवायचे) बोल्ट तर स्लीव्हच्या आत गंजून एकजीव झाले होते. आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवलं, गरम केले, शेवटी दोन कापावेच लागले. म्हणून भाग मागवताना नवे बोल्ट आणि नट त्याच यादीत घाला. सबफ्रेमचे (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या खालच्या सांगाड्याचे) आणि आर्मचे बोल्ट तसेही एकदाच वापरायचे असतात. ते ठरलेल्या टॉर्कनंतर (आवळण्याच्या जोरानंतर) आणखी ठरावीक अंश फिरवून ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तसे ताणले जात नाहीत.

आणखी एक गोष्ट मेस्त्रीला आधीच सांगून ठेवा, कारण घाईत ती हमखास राहून जाते. हे बुश रबर आणि धातू एकमेकांना चिकटवून बनवलेले असतात. आर्म वरखाली होताना आतली स्लीव्ह फिरत नाही, रबरच पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. बोल्ट हलके लावून, चाकाखाली जॅक देऊन सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणायचं आणि मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. आमच्या मेस्त्रीने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची काम सुरू करण्याआधीच मोजून खडूने लिहून ठेवली होती. एवढं करणारा माणूस सापडला की त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करू नये. पुढचा स्ट्रट नकलमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) काढायलाही फट फाकवायचं खास हत्यार लागतं. ते नसलं की हातोडा आणि छिन्नी बाहेर येतात, तेव्हा गॅरेज निवडताना त्याबद्दल विचारा.

आता शॉकअप. बी६ घेतले, मूळच्या स्प्रिंगसह. बिलस्टीनच्या या जातीत बी८ आखूड असतात, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी, आणि बी६ मूळ उंचीसाठी. दोन्ही मोनोट्यूब. एकाच नळीत तेल, आणि तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे दाबलेला नायट्रोजन, त्यामुळे लागोपाठच्या धक्क्यांत तेलाला फेस येत नाही. पुढच्या स्ट्रटमध्ये हे यंत्र उलटं बसवलेलं असतं, जाड नळी वर, म्हणजे वळणावरचा आडवा भार बारीक दांड्यावर येत नाही.

चालवताना याचा अर्थ असा की वेग वाढतो तशी गाडी सुधारते. चोर्ला घाटात, केरीपासून वर चढताना, वळणाच्या मध्येच उखडलेला पॅच आला तर आधी मागचं चाक बाजूला सरकायचं. आता एक धक्का बसतो आणि गाडी आपली रेघ सोडत नाही. घाट उतरताना ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तरी नाक सरळ राहतं, ही कमाई मात्र मी बुशच्या खात्यात टाकतो. अटल सेतूच्या जोडांवर आता एकच 'टप्' आणि संपलं. नव्या झुआरी पुलावर तर स्टीअरिंगला दोन बोटं पुरतात.

कमी वेगात मात्र हे शॉकअप कडकच लागतात आणि तो त्यांचा स्वभावच आहे. गावातले रंबलर, पंचायतीने रातोरात घातलेले गतिरोधक, पाईपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेले चर, यांच्यावरून ताशी वीसच्या वेगाने जाताना प्रत्येक खाच कळते. पहिल्या महिन्यात जास्त कळायची. पुढे थोडं मऊ झालं, की मला सवय झाली, नक्की सांगता येणार नाही. आई शेजारी बसते तेव्हा साखळीपर्यंत एक शब्द बोलत नाही, पण उतरताना कमरेवर हात असतो. ज्याची टीटी फक्त गावात आणि बाजारात फिरते त्याने मूळ दर्जाचे साधे ट्विन ट्यूब (दुहेरी नळीचे) शॉकअप घ्यावेत, पैसेही वाचतील. आणि शॉकअप कुठलेही घाला, टायरची भिंत बदलत नाही. २४५/४० आर१८ ची भिंत ९८ मिलिमीटरची, २४५/४५ आर१७ ची ११० ची. खड्ड्यांचाच वैताग असेल तर १७ इंची चाकं हा जास्त प्रामाणिक उपाय आहे. मॅग्नेटिक राइडवाल्यांचं (विजेने कडकपणा बदलणारे शॉकअप असलेल्यांचं) गणित वेगळं. त्यांचे शॉकअप महाग, आणि साधे घातले तर डॅशबोर्डवरचा दिवा सांभाळावा लागतो.

उंचीचा विषय. मित्राच्या टीटीला आयबाखचे स्प्रिंग आहेत, दिसायला माझ्या गाडीपेक्षा देखणी, यात वाद नाही. पण ओहोटीच्या वेळी दिवाडीच्या फेरीवर चढताना धक्क्याचा उतार आणि फेरीचा रॅम्प यांच्यात जो कोन होतो तिथे त्याचं पुढचं बंपर दर वेळी घासतं. माझी मूळ उंचीची गाडी तिरकी घेतली की निघून जाते. फेरीवरचा कामगार लांबूनच "तिरकी, तिरकी" म्हणून हात करतो. पावसात भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, तिथेही सस्पेन्शनला वरखाली व्हायला उरलेली जागा उपयोगी पडते. आखूड स्प्रिंगवर गाडी लवकर बंप स्टॉपवर जाते आणि मग कितीही महाग शॉकअप असो, बसणारा धक्का रबराच्या ठोकळ्याचा असतो.

अलाइनमेंट बेळगावला करून घेतलं, तिकडे जाणं होतंच. पुढचा कॅम्बर या गाडीला वेगळा जुळवता येत नाही, सबफ्रेम थोडी सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात, एवढंच. मागे कॅम्बर आणि टो दोन्ही जुळतात, नवे एक्सेंट्रिक बोल्ट घातल्यामुळेच ते शक्य झालं. रबर बसल्यावर महिन्याभराने पुन्हा तपासलं तेव्हा टो किंचित सरकला होता. नवे टायर आता सपाट झिजतायत.

दिवाळीच्या सुमारास पुढून पुन्हा बारीक कटकट सुरू झाली होती. लिंक रॉडचा नट सैलावला होता, आवळल्यावर गेली. पाऊस संपल्यावर एकदा सगळे नट बघून घेण्याची सवय लावून घेतलीय.

खर्च: चार शॉकअपचा आकडा लाखाच्या पुढे गेला, बुश, माउंटिंग, लिंक रॉड आणि बोल्ट त्याच्या निम्म्याहून कमी, मजुरी वेगळी. हात आखडता घ्यायचा असेल तर शॉकअप पुढच्या वर्षावर ढकला. पण स्ट्रट एकदा बाहेर काढला की माउंटिंग आणि बेअरिंग बदलल्याशिवाय परत बसवू नका, तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल.

मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश अजून जुनेच आहेत. तेव्हा तपासले तर बरे होते, आता रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की मागून मंद 'धप्' येतं. भाग मागवलेत, शिगमा आटोपला की गाडी पुन्हा म्हापशाला.