मला सांगितलं पुरातलं, त्याला सांगितलं कोरडं

सांगलीतलं आमचं बैठं घर मी २०२३ च्या उन्हाळ्यात विकलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. आई गेल्यावर पुण्याहून सारखं जाऊन कुलूप काढणं जमेना, म्हणून ओळखीतल्या एका एजंटाला सांगितलं. बाबांच्या तेराव्यालासुद्धा आलेला माणूस, त्यामुळे शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

पहिल्याच भेटीत त्याने नकाशाची झेरॉक्स पुढे केली. त्यावर स्केचपेनने ओढलेली निळी रेघ आमच्या घराला आत घेऊन गेलेली. "दादा, तुम्ही निळ्या पूररेषेत आहात. नवीन बांधकाम बंद, बँक कर्ज देत नाही. गिऱ्हाईक आलं तर नशीब म्हणायचं."

घराला पूर लागतो हे खरंच होतं. बाबांनी पडवीच्या खांबावर ऑइलपेंटने रेघा मारून ठेवल्या होत्या: २००५, २०१९, २०२१. २०१९ ची माझ्या छातीला लागायची. त्या ऑगस्टात धोक्याची पातळी ४५ फूट असताना आयर्विनला ५७ च्या वर पाणी होतं. एजंट खोटं बोलला ते फक्त नकाशावरच्या रेघेच्या रंगाबद्दल.

मग दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनी खांबाकडे बघून मान हलवली आणि चहाही न घेता गेली. (ती त्याचीच माणसं असणार, हे आता सुचतंय.) तिसरा आला तो ४१ लाखांवर अडून बसला. मी थकलो होतो, दिलं. दस्ताच्या दिवशी मोबदला ४१ आणि बाजारमूल्य ४७ लाख छापलेलं दिसलं, तेव्हा एजंट म्हणाला, "सरकारी आकड्याला काय पूर दिसतो का?" मीही हसलो.

पुढे सीएने सांगितलं, आयकराच्या कलम ५०सी प्रमाणे फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर नफा सरकारी मूल्यावरच धरतात. म्हणजे हातात न आलेल्या ६ लाखांवरही कर.

२०२४ च्या जुलैत कृष्णा चढायला लागली आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, शेजाऱ्यांकडून नंबर घेतला. तुमच्या घरात पाणी कुठवर येतं हो? आम्हाला तर सांगितलंय, इथं कधीच आलं नाही."

मी विकलं त्याला हा माणूस ओळखतसुद्धा नव्हता. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा, काढला. तो फुकट बघता येतो. माझ्यानंतर आठ महिन्यांनी तेच घर ६३ लाखांना गेलेलं. मधला मालक एजंटाचा मेहुणा निघाला.

सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात गेलो आणि घर पूररेषेत कुठे येतं याचा कागद अर्ज करून काढला. घर निळ्या रेषेच्या बाहेर, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. या मधल्या पट्ट्यात बांधकाम बंद नसतं; जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच घ्यावं लागतं. घर विकायच्या आधी हा अर्ज मी केला असता तर एका सकाळचं काम होतं. पुराच्या गावात घर विकणार असाल तर एजंटाच्या झेरॉक्सवर जाऊ नका, हा कागद आधी स्वतः काढा. घेणार असाल तरीही तोच काढा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला खांबापाशी नेऊन विचारा. आसपासच्या दस्तांचे आकडेही बघा.

वकील म्हणाले, तोंडी बोलण्याचा पुरावा काय? माझ्याकडे ती झेरॉक्ससुद्धा नाही, एजंट ती परत घेऊन गेला होता.

नव्या मालकाला मी खांबावरच्या रेघा बघायला सांगितल्या. तो जाऊन आला आणि म्हणाला, "काका, इथं तर नवीन रंग आहे."