नकाशावर "स्कूल" लिहिलं होतं म्हणून आम्ही प्लॉट घेतला

मागच्या आठवड्यात भाचीने एका प्लॉटचं ब्रोशर पाठवलं, बडोद्याजवळच्या भायलीच्या पुढचं, आणि खाली लिहिलं मावशी बघ ना, टीपीत (म्हणजे सरकारी टाउन प्लॅनिंगच्या नकाशात) इथे गार्डन पण येतंय. मी गवार निवडत होते, ती तशीच राहिली. फोन केला तर म्हणते अगं तू एवढी का घाबरलीस, गार्डन चांगलंच की. आता तिला फोनवर काय काय सांगणार, म्हणून बसून सगळं लिहूनच काढतेय. लाज वाटते, पण लिहिते. आम्ही साडेसतरा लाख दिलेत, आणि आमच्या घरात दोन ग्रॅज्युएट आणि एक बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे.

मी दांडिया बाजारात वाड्याच्या खालच्या दोन खोल्यांत १९ वर्षं बालवाडी चालवते. वाड्यात चुलत दीरांचे हिस्से आहेत, आज ना उद्या विकायचाच, त्यामुळे आमचं स्वप्न असं की गावाबाहेर छोटा प्लॉट घ्यायचा, खाली शाळा वर घर. मुलांना धावायला जरा मोकळं अंगण, बस. ह्यांच्या रिटायरमेंटचे पैसे आले होते आणि तेवढ्यात तो माणूस आला.

माणूस आपल्यातला. म्हणजे मराठी, गणपतीत आमच्या मंडळात आरतीला उभा राहणारा, सासूबाईंना वाकून नमस्कार करणारा. जमिनीची दलाली करतो हे माहीत होतं पण कधी संबंध आला नव्हता. मला वहिनी म्हणायचा. इथे आपण मराठी आता थोडे उरलोय ना, त्यामुळे कुणी मराठीत वहिनी म्हटलं की त्याचे अर्धे कागद आपण वाचून झाल्यासारखेच धरतो. माझी पहिली चूक तीच, बाकीच्या तिच्या पोटात.

जागा दाखवायला घेऊन गेला तेव्हा फेब्रुवारी २०२३. बिल गावाच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून आत, चुन्याने मारलेल्या रेषा, चार कोपऱ्यांत सिमेंटचे खुंट, एक निंबाचं झाड. मी त्या झाडाखाली उभी राहून मनातल्या मनात झोपाळा टांगला पण. त्याने ॲक्टिव्हाच्या सीटवर नकाशा पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर मोबाइल एकावर किल्ली ठेवली, आणि एका चौकोनावर बोट टेकवलं. चौकोनात इंग्रजीत लिहिलेलं, स्कूल. "वहिनी, बघा, गव्हर्नमेंटनेच इथे स्कूल पास केलंय. लोकांना शाळेच्या परमिशनसाठी चपला झिजवाव्या लागतात, तुमचं तर नकाशातच लिहून आलंय." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ह्यांनी तर परत येताना गाडीत सयाजीराव महाराजांपासून सुरुवात केली, १९०६ साली सक्तीचं मोफत शिक्षण करणारं राज्य हे, इथे शाळेला नाही कोण म्हणणार वगैरे. मी त्या नकाशाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. तो फोटो अजून आहे, पोलिसांना पहिला कागद म्हणून तोच दिला.

कागद त्याने भरपूर दाखवले, हे मुद्दाम सांगते कारण लोक म्हणतात कागद बघितले नाहीत का. बघितले की. सातबारा खरा होता, मी स्वतः एनीआरओआर वर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर, जाऊन पडताळला, शेतकऱ्याचं नाव बरोबर, क्षेत्र बरोबर. एनए ची ऑर्डर म्हणजे बिनखेतीचा हुकूम, तोही खरा होता, फक्त तो सर्व्हे नंबरच्या पैकी १ चा, म्हणजे त्या नंबरच्या एका तुकड्याचा होता आणि आम्हाला विकलेली जमीन पैकी २ ची. एवढासा आकडा. पैकी हा शब्द गुजरातीत पण तोच आणि मराठीत पण तोच, तरी आम्हाला वाचता आला नाही. टायटल क्लिअरचं सर्टिफिकेट वकिलाच्या लेटरहेडवर, तीस वर्षांचा सर्च म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, खाली तारीख २०१६. मी मजकूर वाचला, तारीख वाचलीच नाही. मध्ये सात वर्षांत काय झालं असेल हा प्रश्न डोक्यात आला नाही, दूध घेताना मात्र मी पिशवीवरची तारीख दोनदा बघते.

रजाचिठ्ठीचं, म्हणजे बांधकामाच्या परवानगीचं, विचारलं तेव्हा म्हणाला दोन रस्ते आहेत. एक, वरून रीतसर काढायची, सहा महिने. दुसरं, ही गावं २०२० मध्ये कॉर्पोरेशनमध्ये आली, त्याआधीच्या तारखेची ग्रामपंचायतीची परवानगी काढून देतो, माझे संबंध आहेत. इथे मी उठून यायला पाहिजे होतं. जो माणूस मागच्या तारखेचा कागद करून देतो म्हणतो तो आपल्याला दिलेले कागद पण तसेच करत असेल ना, एवढं साधं. पण आम्ही काय केलं, नको नको आपलं रीतसरच करू म्हणालो आणि आपण किती प्रामाणिक म्हणून खूश झालो.

मग घाई. त्याच महिन्यात जंत्री, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, डबल झाल्याची बातमी आली होती, आधी लगेच लागू म्हणाले मग १५ एप्रिलवर ढकललं, तेव्हाच्या बडोद्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. जंत्री डबल म्हणजे स्टॅम्प ड्युटी डबल, ४.९ टक्के तुम्हीच हिशेब करा वहिनी. बरं दस्तावेज (खरेदीखत) तुमच्या नावावर केला तर बाईमाणसाला रजिस्ट्रेशनचा १ टक्का पण माफ. हे सगळं खरं होतं! हेच तर. त्याने खोटं फार कमी सांगितलं. खऱ्या गोष्टी सांगून घाई केली, आणि शेवटी दस्तावेज १५ एप्रिलच्या आधी केलाच नाही, म्हणे मूळ मालकाच्या भावाची सही बाकी आहे, तोवर बानाखत (विक्रीचा करार) करून ठेवू. बानाखत पण नोटरीवालं, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं नाही. टोकन ५० हजार, ११ लाख बँकेतून, ६ लाख रोख. त्या रोख पैशाबद्दल मला काय ओरडायचं ते ओरडा, घरात सासूबाई अजून ओरडतात. ते पैसे कुठल्याच कागदावर नाहीत.

जुलैमध्ये प्लॅन काढून घ्यायला एका एंजिनियरकडे गेले. गुजराती माणूस, वयस्कर, कारेलीबागेत एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस, टेबलावर ट्रेसिंगच्या गुंडाळ्या आणि थंड झालेला चहा. मी आमचा नकाशा पुढे केला. त्यांनी विचारलं, बेन, पार्ट प्लॅन? मी म्हटलं हाच. म्हणाले हा नाही, आणि एफ फॉर्म? मी पहिल्यांदाच ते नाव ऐकलं. पार्ट प्लॅन म्हणजे टीपीच्या नकाशातला आपल्या प्लॉटचा तुकडा, आणि एफ फॉर्म म्हणजे कुणाची जुनी जमीन किती आणि नवा प्लॉट कुठला याचा तक्ता, हे नंतर कळलं. त्यांनी स्वतःकडची टीपीची शीट काढली, आमच्या नकाशावर ठेवली, ट्रेसिंगमधून निंबाच्या झाडाची जागा शोधली, पेन्सिलने ठिपका दिला. मग चष्मा वर करून म्हणाले, इथे तर स्कूल लिहिलंय. मी एकदम आनंदाने म्हटलं हो ना काका, शाळाच काढायचीय! ते काही बोलले नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा. मग त्यांनी पोराला पाणी आणायला सांगितलं, माझ्यासाठी, आणि तेव्हा मला पोटात कसंतरी झालं.

त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. गुजरातमध्ये टीपी स्कीम म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, १९७६ चा कायदा आहे त्याचा. एका भागातली सगळ्यांची शेतं एकत्र धरतात, नवे रस्ते आखतात आणि प्रत्येकाला नव्याने चौकोनी प्लॉट वाटून देतात. जुनं ते ओपी म्हणजे ओरिजिनल प्लॉट, नवीन मिळतं ते एफपी, फायनल प्लॉट. वाटून देताना कापून घेतात, कायद्यात आकडे आहेत, रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा मैदानं मोकळ्या जागा ५, शाळा दवाखाना फायर ब्रिगेड असल्यांसाठी ५, आणि १५ टक्के अथॉरिटीला (स्कीम करणाऱ्या सरकारी संस्थेला) विकण्यासाठी म्हणजे त्यातून खर्च भागतो. एकूण ४० पर्यंत. ज्याची हजार चौरस मीटर होती त्याच्या हातात साधारण सहाशे येते, आणि ती पण त्याच जागी येईल असं नाही, थोडी सरकून, कधी रस्त्याच्या पलीकडे. आणि सातबाऱ्यावर हे सगळं यायला वर्षं लागतात, तोपर्यंत तिथे जुना सर्व्हे नंबर आणि जुनं अख्खं क्षेत्रच दिसत राहतं. म्हणून माझा सातबारा खरा होता आणि माझी जमीन खोटी होती.

आता आमचा चौकोन. तिथे स्कूल लिहिलं होतं म्हणजे ती जागा कापून घेतलेल्या त्या ५ टक्क्यांतली. ड्राफ्ट स्कीमला सरकारची मंजुरी झाली की रस्ते, बागा, शाळांसाठी राखलेल्या जागा सरळ अथॉरिटीच्या होतात, कलम ४८-ए. मूळ शेतकऱ्याचा तिथे एक फूट पण उरलेला नाही. त्याला त्याचा एफपी पलीकडे मिळाला होता आणि तो त्याने केव्हाच एका बिल्डरला रजिस्टर्ड दस्तावेजाने विकला होता. म्हणजे त्या माणसाने आम्हाला, मोठा चुना लावला बघा, सरकारी शाळेची जागा आमच्या शाळेसाठी विकली, आणि ज्या शब्दामुळे ती विकताच येत नव्हती तोच शब्द बोट ठेवून दाखवून विकली.

मी काकांना विचारलं पण झोनिंग सर्टिफिकेट तर रेसिडेन्शियल आहे. होतं ते, खरंच. म्हणाले बेन, झोन म्हणजे त्या भागात काय बांधता येतं, प्लॉट कुणाचा आणि राखीव आहे का हे त्यात कुठे येतं, रेसिडेन्शियल झोनमध्येच शाळा आणि बागा राखतात ना, नाहीतर काय कारखान्यांत राखणार. फी घेतली नाही त्यांनी.

मग पुढचं थोडक्यात, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि चपला झिजणं जास्त. तो आधी म्हणाला मला माहीतच नव्हतं, मग म्हणाला जागा बदलून देतो, मग फोन बंद. मंडळातल्या चार जणांनी मध्यस्थी केली, ३ लाखाचा चेक मिळाला, तो वटला, आणि त्याच्या बदल्यात आमच्याकडून "व्यवहार मिटला" असं लिहून घ्यायचा प्रयत्न झाला, ते मी दिलं नाही, नशीब तेवढी अक्कल आली. पोलिसांत अर्ज, मग एफआयआर. प्रकरण २०२३ चं म्हणून फसवणुकीचं जुनं कलम ४२०, आता झालं असतं तर नव्या कायद्याचं ३१८. चौकशीत कळलं की तोच चौकोन आमच्या आधी अजून एकाला दाखवला होता, त्याला शाळेत काही रस नव्हता म्हणून त्याने विचारलं हे स्कूल काय आहे, आणि वाचला! आम्हाला शाळाच पाहिजे होती म्हणून आम्ही विचारलं नाही.

तर भाचीसाठी, आणि ज्यांना भायली, सेवासी, बिल, वेमाली कडे कुणी प्लॉट दाखवतंय त्यांच्यासाठी. दलालाला सातबारा मागूच नका, तो देईलच. त्याला विचारा टीपी आहे का, असेल तर कुठल्या स्टेजला, ओपी कुठला आणि एफपी कुठला, आणि एफ फॉर्म आणि पार्ट प्लॅन दोन्ही तुम्ही स्वतः जाऊन काढा, त्याच्या हातून घेऊ नका. मग आपला एंजिनियर घेऊन जागेवर उभे राहा आणि ज्या मातीवर उभे आहात ती एफपीच्या रेषेच्या आत आहे का ते मोजून घ्या, चुन्याची रेष कुणीही मारतं. नकाशावर गार्डन, स्कूल, हॉस्पिटल असलं गोड काही लिहिलेलं दिसलं तर आधी ते कुठल्या चौकोनाच्या आत लिहिलंय ते बघा, शेजारी असेल तर मजा आहे, आत असेल तर तिथून निघा. एनए च्या हुकमावरचा पैकी आणि आपल्या सातबाऱ्यावरचा पैकी एकच आहे का ते बोट ठेवून वाचा. टायटलचा सर्च आजच्या तारखेचा, आणि वकील तुमचा, त्याचा नाही. बानाखत करायचंच तर सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून. आणि सोसायटीसारखी प्लॉटची आखणी असेल, आठाच्या वर प्लॉट किंवा ५०० चौरस मीटरच्या वर जमीन, तर रेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नंबर असायलाच पाहिजे. भाचीच्या ब्रोशरवर झोपाळा आहे, कारंजं आहे, विराटसारखा दिसणारा एक माणूस जॉगिंग करतोय, रेराचा नंबर नाही.

तिला उद्या त्या काकांकडे घेऊन जातेय, कारेलीबागेत. माझी बालवाडी अजून वाड्यातच आहे, दोन खोल्यांत. निंबाचं झाड परवा जाताना दिसलं, अजून आहे, आता तिथे अथॉरिटीच्या नावाची पाटी लागलीय. केसची पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.