कटी सार्क १:९६ किट: आठ महिन्यांनंतर मत बदललं

कटी सार्क या शिडाच्या जहाजाच्या प्लास्टिक मॉडेलवर आठव्या महिन्यात मुख्य डोलकाठीवरची तयार रॅटलाइन (डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर, म्हणजे श्राउड, आणि त्यांवर चढायच्या आडव्या दोरांच्या पायऱ्या यांची जाळी) वरच्या टोकाला सुटली. ती जिथे टेकत होती तिथलं प्लास्टिक मऊ होऊन खाच पडलेली दिसली. त्यामुळे बहुतेक सगळं या एका भागाबद्दलच लिहितो आहे, बाकीचं थोडक्यात.

हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, उत्तम आहे. दोन्ही अर्धे किंचित वाकलेले येतात. डेकखाली दोन-तीन आडव्या पट्ट्या चिकटवून रुंदी मापात आणली की डेक न अडकता बसतं. तळाच्या पत्र्यांचा उठाव सुरेख आहे, फक्त ते तांबडेलाल रंगवू नका. मूळ जहाजाला मुंट्झ मेटल होतं, साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त. रंग पितळेकडे झुकतो, म्हणून तांब्याच्या रंगात थोडा सोनेरी मिसळावा. व्हॅक्यूमने साच्यात ओढून काढलेली प्लास्टिकची शिडं न लावलेलीच बरी, जाड दिसतात.

आता रॅटलाइन. सुरुवातीला माझं मत होतं की तयार जाळी वापरावी, कित्येक आठवड्यांचं काम वाचतं. ते मत मागे घेतो. ही जाळी म्हणजे दोऱ्यावर चढवलेलं मऊ व्हिनाइल. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, चिकटवणारा गोंद त्याला धरतच नाही. शिवाय व्हिनाइलला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतो आणि टेकलेलं पॉलिस्टायरीन विरघळवत राहतो. रंगाचा थर मध्ये असला तरी तो फार काळ अडवत नाही. दिसायलाही चूक आहे: १८६९ साली पाण्यात उतरलेल्या या जहाजाचे श्राउड तारेच्या दोराचे होते, सडसडीत. जाळीचे दोर त्यापुढे फुगलेले वाटतात.

दोऱ्याचं रिगिंग (जहाजाचे दोर बांधणं) करायचं तर आधी डोलकाठ्या मजबूत करा, नाहीतर ताणाने वाकतात. खालची डोलकाठी दोन पोकळ अर्ध्यांची आहे. ते जोडण्यापूर्वी आत २ मिमी पितळी सळई इपॉक्सीने बसवा आणि ती खाली डेकमधून हलच्या तळापर्यंत जाऊ द्या. वरची टोकं भरीव आणि बारीक असतात, ती पितळी नळीची करणंच शहाणपणाचं.

किटमधला दोरा वापरू नका, त्याला लव आहे. नायलॉन हवेतल्या दमटपणाने सैल पडतं. पॉलिएस्टर घ्या आणि मेणावरून दोनदा ओढा. खालच्या श्राउडला ०.४ मिमी, वरच्यांना ०.२५ मिमी, रॅटलाइनच्या आडव्या पायऱ्यांना ०.१ ते ०.१५ मिमी. डोलकाठ्या धरून ठेवणारे, कायम बांधलेले दोर काळे, शिडं हलवायचे दोर फिकट तपकिरी.

आधी पुढचे स्टे (डोलकाठीला पुढून धरणारे दोर) बांधा, मग श्राउड. एक जोडी डावीकडे, पुढची उजवीकडे, अशी आळीपाळीने. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळलात तर डोलकाठी तिरकी होणारच, आणि नंतर ती सरळ करता येत नाही. प्रत्येक जोडीनंतर समोरून नजर टाका.

मग श्राउडच्या मागे ३.५ मिमी अंतराच्या रेघा आखलेला कार्ड ठेवा. प्रत्यक्षात दोन आडव्या पायऱ्यांमधलं हे अंतर तेरा-चौदा इंच होतं, त्याचं हे माप. प्रत्येक श्राउडवर आडव्या दोऱ्याची क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ) घाला, पण गाठ आवळताना आडवा दोरा ओढू नका. ओढलात की कडेचे श्राउड आत खेचले जातात आणि मधे कंबर पडते. दर पाच ओळींनंतर पट्टी लावून कडा तपासा, कारण एक ओळ जरी ताणली गेली तरी तिच्या वरच्या सगळ्या ओळी तिच्यामागे जातात.

गाठींवर पाणी मिसळलेला पांढरा गोंद लावा. सुपरग्लूने दोरा ठिसूळ होतो आणि काळ्यावर पांढरी वाफ धरते. टोकं त्याच दिवशी कापू नका. गोंद पूर्ण वाळल्यावर, चिमट्याने हलकं ओढून गाठ धरते आहे हे पाहूनच कापा.