टिंब राहिलं नव्हतं

बँकेत ३६ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशच्या पिंजऱ्यात. चिकटवलेली नोट, बंडलात एक कमी भरलेली नोट बोटांना आधी कळायची, डोळ्यांना नंतर. असा माणूस हाँगकाँगच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात ३०१ च्या जागी ३०१० डॉलरची पावती हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार काय आला? विकणाऱ्या पोराचं ३०१ नंतर टिंब द्यायचं राहिलं. सांगायला लाज वाटते, पण मुलांकडे महिना-दोन महिने राहायला जाणारी आमच्या वयाची बरीच मंडळी आहेत, म्हणून सांगतो.

आमचे चिरंजीव तिथल्या हुंग होम भागात राहतात. पोचल्यावर चौथ्या दिवशी न्गाँग पिंगचा मोठा बुद्ध बघायला गेलो. २६८ पायऱ्या चढताना काही झालं नाही. उतरताना शेवटच्या टप्प्यात उजवा पाय वाकडा पडला. घोटा मुरगळला. घरी येईपर्यंत बटाट्याएवढा टम्म.

इमारतीचा म्हातारा वॉचमन लिफ्टपाशी माझं लंगडणं बघून थांबला. टेबलाखालून एक तपकिरी बाटली काढली, मला खुर्चीत बसवलं आणि घोट्याला खसाखसा चोळायला लागला. वास देशी दारूचा, त्यात कापूर आणि कसलीशी मुळी. मग बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला, “तित ता जाउ.” सूनबाईंनी संध्याकाळी अर्थ सांगितला: पडण्याझडण्याची दारू. तिकडे कुंग फू शिकणारे पूर्वापार वापरतात, तांदळाच्या दारूत मुळ्या, डिंक, फुलं महिनोन्महिने मुरवून करतात. आपल्याकडे आंबेहळद आणि तुरटीचा लेप, त्यांच्याकडे ही दारू. मला ते फार आवडलं. खरं तर फसलो तो या आवडण्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली नव्हती. मुलगा-सून कामावर. आम्ही दोघं टॅक्सी करून माँगकॉकला गेलो. दुकान झकपक, काचेच्या बरण्या छतापर्यंत, बाहेर उघड्या ट्रेमध्ये मुळ्यांचे ढीग. विक्रेता तिशीतला, इंग्रजी बरं बोलणारा, मला “अंकल” म्हणणारा. मी तयार बाटली मागितली. त्यानं ती शेल्फवरून काढलीसुद्धा, पण परत ठेवली. म्हणाला, ही टुरिस्टांसाठी, यात नुसतं मेंथॉल. खरं हवं असेल तर सामान मी देतो, दारू तुम्ही सुपरमार्केटातून घ्या.

एवढं प्रामाणिक बोलणं ऐकल्यावर कोण संशय घेणार?

मग त्यानं तीन गोष्टी काढल्या. ‘तिन चात’, म्हणजे युन्नानमधल्या एका वनौषधीचं मूळ, सुपारीसारखं टणक आणि गाठाळ. ‘ह्युत किट’, लालभडक राळेचे खडे, हे एका वेताच्या फळावरचं रेझिन, इंग्रजीत त्याला ड्रॅगनचं रक्त म्हणतात. आणि ‘हुंग फा’, लाल फूल. ते लाल फूल त्यानं तळहातावर घेतलं तशी आमची सोलापूरची ही म्हणाली, “अहो, ही तर करडई!” होतीच करडई. पाकळ्या वाळवलेल्या, पण तिच्या माहेरच्या शेतातली. आम्ही दोघं हसलो, तोही हसला आणि म्हणाला, हे तुम्हाला गिफ्ट.

तिन चातच्या ट्रेवर लाल शाईत ठळक ६८, पुढे तिरकी रेघ आणि एक बारकं चिनी अक्षर. मी विचारलं, “टेलला?” तिकडे औषधं टेल या जुन्या वजनावर विकतात एवढं मी वाचून गेलो होतो. तो मान हलवत म्हणाला, “सिक्स्टी एट, सिक्स्टी एट, चीप.” बाटलीभर दारूला चार टेल लागतील म्हणाला. राळ ५८, अर्धा टेल. मी मनात हिशेब केला: २७२ आणि २९, म्हणजे ३०१. आपले तीन हजार दोनशेच्या आसपास. महाग, पण घोटा माझा.

त्यानं वजन केलं, काटा मला दाखवला, बरोबर १५१ ग्रॅम. काटा चोख होता. फसवणूक काट्यात नव्हतीच. मग “पावडर करतो” म्हणत तो आत गेला. घरघर सुरू झाली आणि मिनिटभरात मूळ आणि राळ दोन पुड्यांत बंद होऊन बाहेर आली. त्यानंतर पावती.

आता ते बारकं अक्षर. तिकडे जुनं माप अजून चालतं: एक कॅटी म्हणजे १६ टेल, साधारण ६०५ ग्रॅम. एक टेल पावणेअडतीस ग्रॅमच्या आसपास, आपल्या तीन तोळ्यांहून थोडा जास्त. आणि टेलचा दहावा भाग म्हणजे मेस, कँटनीजमध्ये ‘चिन’, पावणेचार ग्रॅम. ट्रेवरचा भाव चिनचा होता. म्हणजे तोळ्याचा भाव समजून मासा घेतल्यासारखं. गंमत अशी, की चिनी लिपीत या मापाचं अक्षर आणि ‘पैसे’ या शब्दाचं अक्षर एकच. ओळखीचं अक्षर बघूनही कुणाला वाटावं, ‘पैसे ६८’.

मी म्हणालो, नको मला. तो म्हणाला, दळलेला माल परत कोण घेणार? त्याचं हसू गेलं होतं. “अंकल”ही गेलं. दोन पोरं मागून येऊन दाराजवळ उभी राहिली, काही बोलली नाहीत. मग त्यानंच दया दाखवली: २८०० द्या. मी कार्ड काढलं. आपले तीस हजारांच्या घरात. ही माझी बाही धरून उभी होती, एवढंच आठवतं.

मुलगा रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. त्यानं शोधाशोध केली तर कळलं, ही तिकडची जुनी आणि ठरलेली युक्ती आहे. कस्टम्स खातं अशा दुकानांवर छापे घालतं, विक्रेते पकडतं. दिशाभूल करून विकणं हा २०१३ च्या जुलैपासून गुन्हा आहे. पाच लाख डॉलर दंड आणि पाच वर्षं कैद इथपर्यंत शिक्षा. दळण्याची घाई का, तेही कळलं. दळलं की ‘आता परत नाही’ म्हणायला मोकळे.

तिसऱ्या दिवशी तो मला एका नोंदणी झालेल्या वैद्याकडे घेऊन गेला. तिकडे चिनी वैद्यांची सरकारी नोंद असते आणि हाडं बसवणाऱ्यांची शाखा वेगळी असते. वैद्यबुवा सत्तरीचे. पाय हातात घेण्याआधी पहिला प्रश्न: रक्त पातळ करायची गोळी घेता का? घेतो, वॉरफरीन. ते थांबलेच. विंटरग्रीनचं तेल असलेली मलमं चोळली तरी त्या गोळीचा परिणाम वाढतो, तिन चात आणि करडईबद्दलही त्यांनी बोट हलवून नाही म्हटलं. माँगकॉकच्या त्या पोरानं एक शब्द विचारला नव्हता. वॉचमननंही नाही, पण त्याला माफ. ताज्या मुरगळण्यावर पहिले दोन दिवस चोळायचंच नसतं, बर्फ लावायचा असतो, हेही त्या दिवशी कळलं.

मुलानं दोन्ही पुड्या पुढे ठेवल्या. तिन चातची पावडर त्यांनी जिभेला लावली, ठीक म्हणाले. मग म्हणाले, दारूत मुरवायला मुळ्या ठेचल्या तरी पुरतात, एवढं वस्त्रगाळ कशाला? लाल पुडीतली चिमूट त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि खालून लायटर फिरवला. पावडर वितळली आणि तिच्याभोवती कागदावर तेलकट कडं पसरलं, भज्यांच्या कागदावर पसरतं तसं. खरं ह्युत किट वितळतं, पण डाग सोडत नाही, आणि कागद उजेडात धरला तर लख्ख लाल दिसतं. आमचं मळकट विटकरी दिसत होतं. स्वस्त राळ मिसळलेली. म्हणजे दसपट भाव, वर भेसळ. तपासणीचे ३२० डॉलर त्यांनी आधी सांगून घेतले.

निघताना त्यांनी एक गोष्ट बजावली, ती इथं लिहितोच. सुट्या मुळ्यांत कधी बचनागाच्या जातीतली मुळंही असतात. चोळायला ठीक, पण ती दारू चुकून कुणी प्यायलं किंवा फुटलेल्या कातडीवर लावली तर जिवावर बेतू शकतं. बाटली घ्यायचीच तर एचकेसीने सुरू होणारा सरकारी नोंदणी क्रमांक असलेली घ्या. दुकानदारानं मला पहिल्यांदा दाखवलेल्या, ‘टुरिस्टांसाठीच्या’ बाटलीवर तो होता. हिला आठवत होतं, तिनं हिरवं लेबल वाचलं होतं.

भाव विचारताना मी “टेलला?” म्हणालो आणि त्यानं मान हलवली, हे मी नंतर शंभरदा मनात चालवून पाहिलं. तिकडे मान हलवणं म्हणजे काय, कोण जाणे. पावडर करण्याआधी कागदावर एकूण रक्कम लिहून घेतली असती, तर प्रकरण तिथंच संपलं असतं. दुसरा उपाय मला सुचत नाही, आणि मापांची नावं पाठ करूनही उपयोग नाही, कारण टेलचं नाव तर मला पाठ होतंच.

कस्टम्समध्ये तक्रार दिली. अधिकारी बाईंनी पावती, कार्डाची स्लिप आणि दोन्ही पुड्या पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. दुकानाच्या ट्रेचा फोटो आहे का, विचारलं. नव्हता. घोटा दहा दिवसांत बसला, आम्ही ठाण्याला परतलो, त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाही.

करडईची तिसरी पुडी मात्र हिनं पुढं केलीच नाही. ती फुकटची होती, म्हणाली, तिचा पावतीशी काय संबंध. सध्या फडताळात केशराच्या डबीशेजारी आहे.