गोळी, स्प्रे की सिग्नल?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पण शीघ्रपतनावरचे हे तिन्ही प्रकार स्वतः करून पाहिलेत. वय बेचाळीस, लग्नाला चौदा वर्षं, डोंबिवलीत वन बीएचके, हॉलमध्ये आई आणि मुलगा झोपतात. हा शेवटचा तपशील पुढे लागणार आहे.

शीघ्रपतन म्हणजे काय ते सांगत बसत नाही. त्यावरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी असूनही रुळांकडेच्या भिंतींनी ते सगळ्यांना शिकवलंय. भिंती एक सांगत नाहीत, की नुकसान बिछान्यापेक्षा बाहेर जास्त होतं. मी रात्री स्वयंपाकघरात मोबाइलवर जुन्या मॅचेस बघत बसायचो, ही झोपल्याची खात्री होईपर्यंत. हिला आधी वाटलं, ऑफिसमध्ये काहीतरी बिनसलंय. मग वाटलं, ऑफिसमध्ये कोणीतरी आहे. दोन वर्षं आम्ही मुलाचे मार्क आणि गॅसचा नंबर यांवरून भांडत होतो.

स्प्रेचं पटकन उरकतो. लिग्नोकेनचा, बधीर करणारा. स्वस्त आहे, पोटात काही जात नाही, काम करतो. पण दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ कसा दुसऱ्याचाच वाटतो, तसं होतं. शिवाय थोडा वेळ थांबून नीट धुतला नाही तर बायकोही बधीर. आमच्याकडे एकदा तसं झालं आणि तिने दुसऱ्या दिवशी बाटली फडताळात मागे सारली. निरोध वापरणाऱ्यांना तो सोयीचा पडेल, फक्त क्रीम घेत असाल तर ते रबराला चालतं का, हे पाकिटावर वाचा.

गोळीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. डॅपॉक्सेटिन, ३० मिलिग्रॅम, डॉक्टरांनी रक्तदाब बघून, आधीची औषधं विचारून दिली. नैराश्याची गोळी चालू असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही. दारूबरोबर तर नाहीच, चक्कर येते. (मेडिकलवाले कधीकधी तिच्यात ताठरतेचं औषध मिसळलेली गोळी पुढे करतात. चिठ्ठीवर नसेल तर घेऊ नका.) फरक मला पहिल्याच वेळी जाणवला. थोडी मळमळ झाली, तीही पुढे कमी झाली.

मग मी ती का सोडली? पाण्याच्या ग्लासामुळे.

ही गोळी एक ते तीन तास आधी घ्यायची असते, भरपूर पाण्याबरोबर, आणि चोवीस तासांत एकदाच. म्हणजे रात्री साडेअकराला काही व्हावं असं वाटत असेल तर साडेनऊला ठरवा. साडेनऊला आमच्याकडे आईची मालिका चालू असते आणि मुलगा भूगोलाचा नकाशा रंगवत असतो. मी माठातून ग्लास भरायचो, भिंतीकडे तोंड करून प्यायचो. पंधरा दिवसांत हिला त्या ग्लासाचा आवाज ओळखू यायला लागला. भांडी लावतालावता नुसतं बघायची. त्यापुढे दोन तास दोघंही परीक्षेला बसल्यासारखे. कधी मुलाला ताप यायचा, कधी हिच्या माहेरून फोन, कधी ही दमून साडेदहालाच झोपायची. गोळी वाया जायचीच, पण झोपलेल्या बायकोचा राग यायचा, आणि ते मला फार लागलं. एखाद्याचं घर मोठं असेल, किंवा नवरा-बायको शनिवार-रविवारीच भेटत असतील, तर त्यांना ही अडचण येणारही नाही. त्यांनी गोळीच घ्यावी असं मी म्हणेन.

तिसरा प्रकार फुकटचा आणि जुना. अमेरिकेतल्या जेम्स सीमन्स या डॉक्टरांनी १९५६ साली मांडलेला. आता आवरणार नाही असं वाटायच्या जरा आधी सगळं थांबवायचं, अर्धाएक मिनिट जाऊ द्यायचं, मग पुन्हा सुरू. असं तीनदा, चौथ्यांदा मोकळं व्हायचं. आधी एकट्याने, मग बायकोच्या हाताने, मग संबंधात. ऐकायला सोपं आहे, पण पहिला महिना वैतागाचा. तीनदा थांबायचं ठरवून एकदाही न जमलेल्या रात्रीही झाल्या. आम्हाला दोनेक महिने लागले. महिनाभर खंड पडला की गाडी थोडी मागे येते, हेही खरं. आणि मोठी अडचण अशी की बायकोला तोंडाने सांगावं लागतं. गोळी चोरून घेता येते, हे चोरून करता येत नाही.

मला ते सांगायला आठ दिवस लागले. शेवटी गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितलं, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको. ती म्हणाली, "अहो, मग मला वाटलं होतं ते नाहीच की." आणि पापड उलटायला लागली.

किती मिनिटांचा फरक पडला ते विचारू नका, घड्याळ लावलं नाही. पाच देशांतल्या जोडप्यांनी मात्र स्टॉपवॉच लावून पाहिलं होतं. २००५ साली ते छापून आलं, त्यात निम्म्यांची वेळ ५.४ मिनिटांच्या आतच होती. मी आयुष्यभर अर्ध्या तासाच्या गप्पा खऱ्या धरून बसलो होतो.

त्रास आधी नव्हता आणि अलीकडेच सुरू झाला असेल, तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड निघू शकतो, प्रोस्टेटची सूज निघू शकते, कधी ताठरतेचीच तक्रार मुळाशी असते.

पट्टीतल्या दोन गोळ्या अजून कपाटात आहेत, गावाला लग्नाबिग्नाला जाऊन हॉटेलात राहायची वेळ आली तर म्हणून. एरवी थांबायचं असलं की आम्ही "सिग्नल" म्हणतो. शब्द हिचा. परवा दिवा-कोपरच्या मध्ये लोकल वीस मिनिटं उभी होती, अख्खा डबा शिव्या घालत होता. हिचा मेसेज आला, कुठे आहात? मी लिहिलं, सिग्नलला. उत्तर आलं, "बसा मग. भात टाकत नाही अजून."